फ्रिजमध्ये ठेवल्याने बाटलीतला गॅस जात नाही

‘घरची बिअर किंवा जिंजर बिअर जास्त फसफसली तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, गॅस निघून जातो,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. गार बाटलीतला दाब खरंच उतरतो, म्हणून तो पटतोही. पण झाकण बंद असताना वायू जाणार कुठून? थंडीत तो द्रवात जास्त विरघळतो, इतकंच. साखरेपासून हा वायू तयार करणारं यीस्टही मरत नाही, सुस्तावतं. नाशिकच्या मे महिन्यात बाटली पुन्हा ओट्यावर आली की दाब परत चढतो, आणि उरलेल्या दर १ ग्रॅम साखरेमागे साधारण पाव लिटर नवा वायू तयार होतो. काच फुटू शकते, डोळे जपा.

पडताळायचं तर थोडं प्लास्टिकच्या बाटलीत भरा. गार असताना दाबून बघा, बाहेर तासभर ठेवून पुन्हा दाबा.

खरा उपाय म्हणजे बाटली जाड टॉवेलात गुंडाळून रात्रभर गार करायची, मग झाकण किंचित सैल करून फुस्स आवाज थांबला की लगेच बंद. असं दोन-तीनदा. नंतरही ती फ्रिजमध्येच राहू द्या.