स्पार्क आणि महिला मिलन : मुंबईतली स्वस्त घरबांधणी

स्पार्क ही मुंबईतली ना-नफा संस्था, 1984 साली भायखळ्यात सुरू झाली. शीला पटेल आणि त्यांच्या सोबतचे काही लोक आधी नागपाड्यातल्या एका समाजसेवी संस्थेत होते, तिथून बाहेर पडून त्यांनी फुटपाथवर राहणाऱ्या बायकांसोबत काम सुरू केलं. आज स्पार्कचं नाव घरबांधणीशी जोडलेलं असलं तरी सुरुवातीची बरीच वर्षं एकही घर बांधलं गेलं नव्हतं, आणि खरं बघायला गेलं तर याच काळात जे झालं ते जास्त इंटरेस्टिंग आहे.

जुलै 1985 मध्ये फुटपाथवरच्या झोपड्या पाडण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, पण नोटीस देऊन पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायला पालिकेला मोकळीकही दिली. सरकारी कागदावर फुटपाथवाल्यांची धड मोजणीच नव्हती, म्हणून स्पार्कने स्वतःच सर्व्हे केला, सहा हजारांच्या आसपास कुटुंबं. त्यात दिसलं की बहुतेक लोक कामाला चालत जातात, म्हणजे फुटपाथ हा नाइलाज होता पण त्यामागे हिशोबही होता. पुढे 1986 च्या सुमारास या बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली आणि जोकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही झोपडपट्टीवासीयांची संघटना (1974 पासूनची) सोबत आली. जोकिनभाईंनी स्वतः 1976 मध्ये जनता कॉलनी ही झोपडपट्टी तुटताना बघितली होती, 2000 साली त्यांना मॅगसेसे मिळालं.

बचतीची पद्धत साधी. वस्तीतलीच एक बाई रोज दारोदार फिरून जमेल तेवढे पैसे गोळा करायची, दोन रुपये असोत नाहीतर पाच, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसाठी प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे ठेवायचे, एकेका रंगाची किंमत ठरलेली, त्यामुळे आपले किती जमले ते पिशवी उघडली की कळायचं. घराचं डिझाइनही बायकांनीच केलं. मापं साड्यांनी घेतली, मग कापड आणि लाकडाचं खऱ्या मापाचं मॉडेल उभं करून लोकांना आत फिरवून दाखवलं. त्यातून 14 फूट उंचीचं घर ठरलं, कारण मध्ये पोटमाळा टाकला की तेवढ्याच जागेत झोपायला वेगळी खोली मिळते. संडास मात्र घरात नको, चार घरांना मिळून एक बाहेर, असं बायकांचं तेव्हाचं म्हणणं. आर्किटेक्टला हे सुचलं असतं का, शंकाच आहे!

1995 ला एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) आली आणि पुनर्वसनाच्या योजनेत फुटपाथवालेही धरले गेले. तिथे बिल्डरला पैसे नंतर मिळतात, जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क) विकून, पण सिमेंट-सळईचे आधी लागतात, आणि झोपडपट्टीच्या सोसायटीला बँक दारात उभी करत नाही. म्हणून 1998 मध्ये स्पार्कने ‘स्पार्क समुदाय निर्माण सहायक’ ही वेगळी ना-नफा कंपनी काढली. धारावीतल्या राजीव-इंदिरा सोसायटीसाठी सिटीबँकेचं कर्ज मिळालं, ब्रिटनमधल्या होमलेस इंटरनॅशनल या संस्थेने गॅरंटी दिली तेव्हा कुठे. फुटपाथवाल्यांच्या मिलन नगर सोसायटीला मानखुर्दला जागा मिळाली, पण पक्क्या घरात जायला नवं शतक उजाडलं.

सगळ्यात मोठं काम रेल्वेचं. एमयूटीपी म्हणजे मुंबईच्या रेल्वे आणि रस्त्यांच्या सुधारणेचा प्रकल्प, त्यासाठी रुळांलगतच्या हजारो झोपड्या हलवायच्या होत्या, वर्ल्ड बँकेचा पैसा होता त्यामुळे पुनर्वसन टाळता येण्यासारखं नव्हतं. याद्या, सर्व्हे, ट्रान्झिट कॅम्प (तात्पुरती घरं) हे बरंचसं काम फेडरेशन आणि महिला मिलनने केलं आणि रुळांकडेची माणसं मोठ्या बंदोबस्ताशिवाय हलली, याचं कौतुक परदेशातही झालं. पण टीकाही झाली आणि ती उगाच नव्हती. सरकारचं काम अंगावर घेतलं की लोकांचा राग पण आपल्याच अंगावर येतो. याच एमयूटीपीतल्या रस्त्यांच्या कामावरून 2004 मध्ये वर्ल्ड बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनलकडे (तक्रारी तपासणारी समिती) तक्रारी गेल्या, कुर्ल्याकडच्या दुकानदारांचं म्हणणं होतं की लांब पाठवलं तर धंदाच बसेल, आणि 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही काळ थांबवले. घर मिळालं तरी लिफ्टचा मेंटेनन्स, पाण्याचा पंप, लाइट बिल हे खर्च दर महिन्याला येतातच आणि झोपडीत ते या रूपात नव्हते, त्यामुळे नव्या बिल्डिंगांमध्ये सोसायटी चालवणं हेच पुढचं काम होऊन बसलं.