वृत्तविशेष प्रतिनिधी, स्थानिक दूरचित्रवाणी (कोल्हापूर)

जिल्ह्याच्या ठिकाणी राहून तेथील माणसे, प्रथा, व्यवसाय आणि निसर्ग यांवर काही मिनिटांच्या दृश्यकथा तयार करणारा दूरचित्रवाणी पत्रकार. घटना तातडीने कळवणाऱ्या वार्ताहराहून त्याचे काम वेगळे मानतात. पण कोल्हापुरात ही दोन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. सकाळी महापालिकेच्या सभेनंतर बाईट (कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया) घेणारा प्रतिनिधी दुपारी हुपरीच्या चांदी कारागिरांवरील स्टोरीसाठी निघालेला दिसतो.

या व्यवसायाचा कोल्हापुरातील उगम नेमका कशात मानावा, याबद्दल दोन मते आहेत. पहिले मत तो शहराच्या चित्रपट परंपरेशी जोडते. आनंदराव पेंटर यांचे 1916 मध्ये निधन झाल्यावर त्यांच्यासोबत हे काम करणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी देशी बनावटीचा कॅमेरा पूर्ण केला आणि 1917-18 च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली (स्थापनावर्षाबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही). प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही 1929 मध्ये कोल्हापुरातच झाली. 1933 मध्ये ती पुण्याला गेली. जयप्रभा स्टुडिओमुळे छायालेखन, प्रकाशयोजना, रंगभूषा जाणणारी माणसे त्यानंतरही शहरात टिकून राहिली. चांगले दृश्य टिपण्याची स्थानिक नजर याच परंपरेतून आली, असे या मताचे म्हणणे.

दुसरे मत अधिक साधे आहे. 1980 च्या दशकात व्हीएचएस (कॅसेटवर चित्रण करणारे) कॅमेरे आले, लग्नाच्या शूटिंगचा धंदा वाढला आणि त्यातून हातात कॅमेरा असलेल्या तरुणांची एक फळी तयार झाली. 1990 नंतर केबलचे जाळे पसरले. केबलचालक चित्रपटांसाठी चालवत असलेल्या वाहिनीवर गावातल्या मिरवणुका, कुस्त्या आणि सत्कार समारंभ दाखवू लागले, तेव्हा चित्रण करायला हीच फळी पुढे आली. संध्याकाळच्या ठरावीक वेळेची स्थानिक बातमीपत्रे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली असावीत. उपलब्ध तपशील पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चित्रपट छायालेखनात दृश्य आधी रचून मग टिपले जाते. मिरवणुकीत किंवा लग्नमंडपात घटना कोणासाठी थांबत नाही. वृत्तविशेषाचे चित्रण या दुसऱ्या शिस्तीचे आहे. तरीही पहिल्या मतात तथ्य नाही असे नाही. कोल्हापुरात कॅमेऱ्यासमोर बोलायला लोक सहसा बुजत नाहीत, आणि त्यामागे चित्रीकरण पाहत वाढलेल्या पिढ्या आहेत, हे नाकारता येत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पण कोल्हापूरच्या घरांत दूरदर्शन सर्रास पोचले ते पुढच्या दशकात, लघुशक्ती (कमी पल्ल्याच्या) प्रक्षेपकांचे जाळे पसरल्यावर. या काळात जिल्ह्यातील चित्रफिती बसने वा रेल्वेने मुंबईला जात. साहजिकच ताज्या बातमीपेक्षा दोन दिवसांनीही शिळा न होणारा विषय पाठवण्याकडे कल असे; वृत्तविशेषाची सवय काही अंशी या विलंबातून लागली, असे म्हणता येईल. 9 जुलै 2000 रोजी सुरू झालेल्या ई टीव्ही मराठीने जिल्ह्यांच्या बातम्यांना नियमित जागा दिली. झी 24 तास आणि स्टार माझा (2007), तसेच आयबीएन लोकमत (2008) यांमुळे प्रत्येक वाहिनीचा कोल्हापुरात एक तरी प्रतिनिधी असणे रूढ झाले. शहराच्या पातळीवर बी न्यूज, एस न्यूज यांसारख्या वाहिन्या काम करतात.

प्रवेशासाठी ठरावीक पात्रता नाही. शिवाजी विद्यापीठातील पत्रकारितेचे अभ्यासक्रम हा एक मार्ग. दैनिकांतून येणे हा दुसरा. पुढारी, सत्यवादी, सकाळ, तरुण भारत अशा दैनिकांच्या या शहरात मुद्रित पत्रकारितेचा पाया भक्कम असल्याने कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहिण्याचे शिक्षण तेथेच होते. तिसरा मार्ग कॅमेरामनपासून सुरुवात करून बूम (वाहिनीचा माइक) हाती घेण्याचा. केबलच्या वाहिन्यांत तो बराच चालतो, आणि दृश्याची जाण याच मार्गाने आलेल्यांत अधिक आढळते.

विषयांचा मोठा भाग वर्षाच्या चक्राशी बांधलेला असतो. चैत्रातील जोतिबाची यात्रा, नवरात्र आणि दसरा चौकातील शाही दसरा, शाहू स्टेडियमवरील फुटबॉल हंगाम व पेठापेठांतील ईर्षा, खासबागेतील कुस्त्या, गूळ सौदे, ऊसदराचे आंदोलन हे विषय दरवर्षी येतात आणि दरवर्षी नव्याने सांगावे लागतात. प्रतिनिधीची खरी परीक्षा येथे होते.

अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव हे याचे उत्तम उदाहरण. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्याकडे येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत ती पोचावीत अशी अपेक्षा असते. ढग, धुके, हवेतील धूलिकण आणि वाटेत आलेली बांधकामे यांमुळे काही वर्षी किरणे मध्येच लुप्त होतात. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक त्यांची तीव्रता लक्समध्ये (प्रकाशाच्या एककात) मोजतात. चित्रणाला मिळतात ती मोजकी मिनिटे, आणि तीही बाहेर प्रखर ऊन व आत जवळजवळ अंधार अशा स्थितीत. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर किरणांचा पट्टा पांढरा फटक होतो आणि मूर्तीचा परिसर काळा पडतो. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) हाताने, किरणांच्या उजेडाला धरून लावावे लागते. केवळ ‘भाविकांची गर्दी’ असे सांगून थांबणारा वृत्तांत आणि मार्गातील अडथळ्यांचा प्रश्न दाखवणारा वृत्तांत यांत मोठे अंतर आहे. वृत्तविशेष हे नाव दुसऱ्यालाच शोभते.

पूर हा या जिल्ह्यातील प्रतिनिधीचा दुसरा अनिवार्य विषय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे असून एका दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग होतो. हे आकडे प्रतिनिधीला तोंडपाठ असतात, कारण चुकीच्या आकड्याने प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातील माणसे रात्रीत घर सोडतील किंवा सोडायला उशीर करतील. 2019 मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. अशा वेळी बाहेरची पथके शहरात पोचण्याआधी चित्रण करणारे स्थानिकच असतात. पाणी ओसरल्यावर भिंतीवरची पुराची रेघ, कुजलेला ऊस आणि जनावरांच्या पंचनाम्यांची रखडपट्टी दाखवण्याचे कामही त्यांच्याकडेच उरते. या दुसऱ्या टप्प्यातील वृत्तांतांचे मोल अधिक मानायला हवे.

तंत्रात व्हीएचएसनंतर मिनी डीव्ही (छोटी डिजिटल टेप), मेमरी कार्ड, एफटीपीने (इंटरनेटवरून फाइल धाडून) फुटेज पाठवणे, ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी), बॅकपॅक (पाठीवरचे थेट प्रक्षेपणाचे यंत्र) आणि आता मोबाइल असा क्रम दिसतो. टेप महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरत. त्यामुळे केबलकाळातील शहराचा बराच दृश्यइतिहास नष्ट झाला. चित्रपटांसाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे, तशी सोय या चित्रणाला कधी लाभली नाही. ही हानी भरून निघणारी नाही.

मोठ्या वाहिन्यांचे थोडेच प्रतिनिधी पगारी असतात. बाकीचे स्ट्रिंगर, म्हणजे प्रसारित झालेल्या स्टोरीमागे मानधन घेणारे. चार दिवस खपून केलेल्या वृत्तविशेषाला आणि अर्ध्या तासात मिळालेल्या बाईटला सारखाच दर पडतो, तेव्हा वृत्तविशेष मागे पडणे अटळ ठरते. शिवाय दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस या काळात जाहिरात आणण्याची अपेक्षा असते. ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्याच्याच कारखान्यावर किंवा संस्थेवर टीकात्मक वृत्तांत करणे त्यामुळे अवघड होते. पुढे काहीजण मुंबई-पुण्याच्या डेस्कवर जातात, काही जनसंपर्काच्या नोकरीत, तर काही स्वतःची यूट्यूब वाहिनी काढतात.

केबलवरील कार्यक्रमांना केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) अधिनियम, 1995 व त्याखालील नियमांतील कार्यक्रमसंहिता लागू आहे. पत्रकारांवरील हल्ल्यांबाबत महाराष्ट्राने 2017 मध्ये केलेल्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. श्रमिक पत्रकारांसाठीचा 1955 चा कायदा मात्र वृत्तपत्रांपुरता होता. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक व डिजिटल माध्यमांचा समावेश झाला आहे.