तळ्यावर मधमाश्या येऊ लागल्या तर

ऊन तापू लागले की आम्हाला ग्राहकांचे फोन येतात : "तळ्याच्या काठावर मधमाश्याच मधमाश्या झाल्यात, काय फवारू?" कृपया काहीही फवारू नका. कीटकनाशक पाण्यात उतरले की मासे आणि बेडूकही दगावतात, आणि माश्यांचा त्यात काहीच दोष नसतो.

त्या तुमच्याकडे घर करायला नाही, पाणी न्यायला येतात. पोळ्यात जिथे अळ्या वाढतात तिथले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. उकाडा वाढला की कामकरी माश्या पाण्याचे थेंब पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. घट्ट मध पातळ करायलाही पाणी लागते. पाण्याचा मोठा साठा त्या करत नाहीत, म्हणून फेऱ्या दिवसभर चालतात. शेवाळाचा वास असलेले पाणी त्यांना चटकन सापडते. एकदा जागा ध्यानात बसली की ती सहजी सुटत नाही.

म्हणून हुसकावण्यापेक्षा त्यांची पाण्याची जागा बदलणे सोपे. एक पसरट थाळी घ्या, तिच्यात खडे भरा आणि खड्यांचे माथे कोरडे राहतील इतकेच पाणी ओता. पाणी तळ्यातलेच घ्या, वास ओळखीचा राहतो. थाळी आधी तळ्याला खेटून ठेवा. माश्या तिच्यावर बसू लागल्या की रोज संध्याकाळी, त्या परतल्यावर, थोडी थोडी लांब सरकवा. मग काही दिवस तळ्याचा काठ बारीक जाळीने झाका. थाळी एक दुपार जरी कोरडी पडली, तरी माश्या पुन्हा तळ्यावर येतील. इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. डास होऊ नयेत म्हणून दोन-तीन दिवसांनी पाणी बदला.

माश्या तळ्यावर आल्या तरी चालतील, असे तुम्हाला वाटत असेल तर आम्हाला आनंदच आहे. फक्त त्यांना पाय टेकायला जागा द्या. सरळ, गुळगुळीत कडेवरून घसरून त्या बुडतात. एका बाजूला गोट्यांचा उथळ उतार किंवा पाण्यावर तरंगणारी पाने पुरतात.

पाणी पिणारी माशी सहसा डंख मारत नाही, कारण तिथे राखायला पोळे नसते. पायाखाली आली किंवा हातात दाबली गेली तरच मारते. काठावर अनवाणी फिरू नका, मुलांनाही सांगा. डंख झालाच तर काटा लगेच नखाने खरवडून काढा. चेहरा सुजला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

फांदीवर माश्यांचा घोस लटकलेला दिसला तर प्रकरण वेगळे आहे. तो नव्या घराच्या शोधात निघालेला थवा असू शकतो. त्याला धूर किंवा पाणी मारू नका, लांब राहा आणि मधमाशीपालकाला बोलवा.

नवे तळे करून घेताना घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर आम्हाला आधी सांगा. उथळ उताराची बाजू दारापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब काढू.