झडप बदलल्यानंतरची नाडी : पार्श्वभूमी

हृदयाची झडप बदलून रुग्ण सोलापुरात परतला की घरच्यांचं सगळं लक्ष रक्त पातळ करणाऱ्या गोळीकडे असतं. ते बरोबरच आहे. पण विश्रांतीतली नाडीही तितक्याच नेमाने वहीत टिपायला हवी. नाडीबद्दल ‘जितकी कमी तितकी बरी’ असा समज असतो, तो आधी तपासू.

मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, आकसली की रक्त खालच्या कप्प्यात उतरायला वेळ लागतो. ठोके ६० वरून १२० वर गेले की भरण्याचा वेळ निम्म्याहूनही कमी उरतो, रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं आणि धाप लागते. महाधमनीची, म्हणजे हृदयातून शरीरात रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीची, झडप गळत असेल तर उलट: ठोके मंदावले की गळती वाढते. म्हणजे ‘नाडी जितकी कमी तितकी बरी’ हे सरसकट कधीच खरं नव्हतं.

१९६० साली सर्जन अल्बर्ट स्टार आणि इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांची पिंजऱ्यातल्या चेंडूची कृत्रिम झडप मायट्रलच्या जागी बसली. अडथळा गेला, पण नाडीचे नवे प्रश्न आले. ऑपरेशननंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अनेकांची नाडी अनियमित होते, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. महाधमनीच्या झडपेला खेटूनच विद्युतवाहक तंतू जातात. टाक्यांनी किंवा सुजेने ते दबले तर हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे ठोक्याचा विद्युत संदेश खाली पोचत नाही आणि नाडी मंदावते. म्हणून ठोके चालू ठेवणाऱ्या तात्पुरत्या पेसिंग वायर लावतात. २००२ पासून आलेल्या, छाती न उघडता कॅथेटरने (बारीक नळीतून) बसवायच्या झडपेतही हा धोका टळलेला नाही.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. अशा ऑपरेशनचा खर्च उचलणारी सरकारी राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. आज ती महात्मा फुले योजना आहे.

वेगवान नाडी आणि मृत्यू यांचा संबंध अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीने १९८७ मध्ये मांडला, पण ती सर्वसामान्यांची पाहणी होती. ऑपरेशननंतर काही आठवडे ८० ते १०० ठोके नेहमीचेच. सतत शंभरावर राहिले तर ती खूण समजावी: रक्त कमी, जंतुसंसर्ग, हृदयाभोवती साचलेलं पाणी, झडपेवर गुठळी. कारण न शोधता नुसता वेग उतरवणं घातक ठरू शकतं. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लघवीच्या गोळीवरच्या रुग्णाचं अंगातलं पाणी घटूनही नाडी चढते.

पाच मिनिटं शांत बसून, चहाआधी, पूर्ण ६० सेकंद मोजावी. नाडी अनियमित असेल तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत आणि बोटावरचं यंत्र आकडा कमी दाखवतं; तेव्हा छातीवर स्टेथोस्कोप ठेवूनच मोजून घ्यावी. पन्नासच्या खाली जाऊन चक्कर आली तर त्याच दिवशी ईसीजी. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी गोळी, मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये, नाडी उसळते.