बाटलीवरच्या ‘बाकुचिऑल’मागचे पाषाण रस्त्यावरचे संशोधन

चेहऱ्याला लावायच्या क्रीम आणि सीरमच्या बाटल्यांवर गेल्या काही वर्षांत ‘बाकुचिऑल’ हे नाव ठळक अक्षरांत दिसू लागले आहे. ज्यांच्या त्वचेला रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांवर लावतात ते अ जीवनसत्त्वाचे रूप, सोसत नाही त्यांच्यासाठी वनस्पतीतून मिळालेला पर्याय, अशी त्याची ओळख करून दिली जाते. नाव परदेशी वाटते, पण ते आपल्याकडचे आहे. बावचीला संस्कृतात बाकुची म्हणतात. त्या नावाला रसायनशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे ‘ऑल’ हा प्रत्यय लागला आणि बाकुचिऑल झाले. हा शोध १९६६ साली पुण्यातला, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला, म्हणजे आपल्या एनसीएलमधला. शोधनिबंधावर तीन नावे होती: गोवर्धन मेहता, यू. आर. नायक आणि सुख देव. मेहता तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते. पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. डॉ. सुख देव हे तिथल्या नैसर्गिक संयुगांच्या विभागाचे प्रमुख. आज बाकुचिऑलची जाहिरात वाचणाऱ्या पुणेकरालाही यातले काही माहीत नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून ही पार्श्वभूमी.

बावची वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. काळपट, चपट्या, उग्र वासाच्या तिच्या बिया कोडावर वापरतात: बियांचा लेप लावायचा आणि तो भाग उन्हात धरायचा. उन्हाची ही अट का, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि व्यंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीतून सोरालेन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. सोरालेन त्वचेत असताना अतिनील किरण पडले की ते पेशींतल्या डीएनएला जाऊन चिकटते. मात्रा सांभाळली तर रंग परत येण्याला मदत होते, चुकली तर फोड येतात. बाकुचिऑल सापडेपर्यंत बावचीचा सगळा लौकिक या सोरालेनच्याच नावावर जमा होता.

पुण्याच्या गटाने बियांच्या तेलकट भागाकडे लक्ष दिले आणि तिथे त्यांना अगदी निराळा रेणू सापडला. त्याचा अर्धा भाग फिनॉलचा, म्हणजे कार्बनच्या सहा अणूंचे कडे आणि त्यावर ऑक्सिजन. उरलेला भाग टर्पिनचा, म्हणजे सुगंधी तेलांच्या घराण्यातला. अशी सरमिसळ तेव्हा नवलाची होती. रेटिनॉलशी या रचनेचे काही साम्य नाही. तरीही २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की त्वचेच्या पेशींमध्ये बाकुचिऑलने जागी होणारी जनुके रेटिनॉलच्या परिणामाशी बरीच जुळतात. २०१९ साली ४४ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. सुरकुत्या आणि काळे डाग कमी करण्यात दोन्ही सारखेच ठरले. रेटिनॉल लावणाऱ्यांना त्वचेची सालपटे निघण्याचा आणि चुरचुरण्याचा त्रास जास्त झाला. चाचणी लहान होती, हे लक्षात ठेवावे. आणखी एक गोष्ट ग्राहकाला माहीत असलेली बरी: बाकुचिऑल आणि सोरालेन एकाच बीमधले शेजारी आहेत. बाकुचिऑल नीट शुद्ध केले नाही तर उन्हात त्रास देणारे सोरालेन त्याच्यासोबत येते. शुद्धतेचा हा प्रश्न कळायलाही आधी दोन्ही रेणू वेगळे काढून, त्यांची रचना ठरवून ठेवलेली असावी लागते.

सुख देव यांच्या सगळ्या कामाची रीत हीच होती. वनस्पती गुणकारी आहे की नाही या वादात आधी पडायचे नाही. तिच्यात नेमके काय काय आहे, ते अणू-अणूंच्या जोडणीसह कागदावर मांडायचे.

त्यांचा जन्म १९२३ साली पंजाबातल्या चकवालचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरला शिक्षण झाले आणि पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. प्रफुल्लचंद्र गुहा यांच्याकडे आले. गुहांकडे टर्पिनांच्या अभ्यासाची परंपरा होती आणि त्या काळी भारतात टर्पिन म्हटले की पहिल्यांदा आठवण व्हायची ती हिमालयातल्या चिडाच्या झाडाची. चिडाच्या खोडाला खाचा पाडून राळ गोळा करतात, ती ऊर्ध्वपातित केली की टर्पेंटाइन मिळते. त्याचा जो जड भाग मागे राहतो त्यात लाँगिफोलीन नावाचे संयुग असते. जॉन सायमन्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करताना ते शोधले आणि १९२० साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. कार्बनचे १५ आणि हायड्रोजनचे २४ अणू, एवढेच सूत्र. पण हे अणू एकमेकांत असे गुंतलेले, की रचना उलगडायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. १९५३ साली क्ष-किरणांच्या मदतीने ती पक्की झाली, तीही लाँगिफोलीनची थेट नव्हे, तर त्यापासून बनवलेल्या स्फटिकरूप हायड्रोक्लोराइडची.

रचना कळली म्हणजे काम संपले, असे बहुतेकांना वाटले असते. सुख देव यांना तिथून कामाला सुरुवात करावीशी वाटली, आणि त्यांच्या कारकिर्दीतला हा भाग मला सर्वांत जास्त आवडतो. लाँगिफोलीनच्या सांगाड्यावर इतका ताण असतो, की आम्लाचा स्पर्श झाला तरी कार्बन आपल्या जागा बदलतात. एक बंध तुटतो, शेजारचा अणू सरकतो, रिकाम्या जागी दुसरा बंध जुळतो. अशा घसरणीतून जे आयसोलाँगिफोलीन तयार होते त्याची रचना नायक आणि सुख देव यांनी तपासली. पुढे अनेक वर्षे ते या एका रेणूकडे परत परत वळत राहिले. टर्पेंटाइनचा जो भाग कारखान्यांच्या दृष्टीने बिनकामाचा होता, त्यापासून निघालेल्या आयसोलाँगिफोलीनपासून आज अत्तरे आणि साबणांसाठी लागणारी सुगंधी द्रव्ये बनतात.

१९६० च्या सुमारास ते पुण्याला आले. एनसीएलला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले होते. पहिले दोन संचालक परदेशी होते. १९५७ साली डॉ. के. वेंकटरामन पहिले भारतीय संचालक झाले. ते स्वतः रंगद्रव्यांचे जाणते अभ्यासक. सेंद्रिय रसायनशास्त्राला त्यांच्या काळात पाषाणमध्ये मोठे बळ मिळाले. नैसर्गिक संयुगांच्या विभागाची सूत्रे सुख देव यांच्याकडे आली.

या कामाचा कष्टाचा भाग शोधनिबंधात दिसत नाही. बिया, साल किंवा राळ किलोंच्या हिशेबात आणायची, कुटायची, द्रावकात भिजवायची. अर्क आटवला की हाती येतो तो चिकट, गडद लगदा. त्यात अनेक संयुगे एकत्र कालवलेली. तो सिलिका किंवा अ‍ॅल्युमिना भरलेल्या काचेच्या नळीवर चढवायचा आणि द्रावक सोडत थेंबाथेंबाने एकेक संयुग वेगळे करायचे. भल्ला, नायक आणि सुख देव यांनी १९६७ साली या नळीचीच एक उलटी रीत सुचवली, ज्यात द्रावक खालून वर चढतो. शुद्ध संयुग हाती आले की रचनेचे कोडे सुटायला लागते. पूर्वी त्यासाठी रेणू रासायनिक क्रियांनी तोडून तुकडे ओळखावे लागत. साठच्या दशकात अवरक्त वर्णपट आणि एनएमआर ही साधने हाताशी येत गेली आणि तोडल्याशिवायही रेणूच्या आतले दिसू लागले. सुख देव या दोन युगांच्या सांध्यावरचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना दोन्ही रीती येत होत्या.

त्या वर्षांतल्या संयुगांची नावे सलग वाचली की भारताचा नकाशा उभा राहतो. देवदाराच्या तेलातून निघालेले ते हिमाचलीन. मलबारातल्या एका झाडाच्या राळेतून निघालेले मलबारिकॉल. हे तर ट्रायटर्पिनांच्या एका नव्याच सांगाड्याचे निघाले. लाखेच्या घटकांवर त्यांच्या गटाने सविस्तर काम केले, तेव्हा एका आम्लाला लाक्षोलिक आम्ल म्हटले; त्यात लाक्षा आहे. बाकुचिऑल आणि गुग्गुळातले गुग्गुलस्टेरॉन याच रांगेतले. जगभरच्या संदर्भग्रंथांत ही नावे अशीच छापली जातात.

देशी नावांचा हा आग्रह भाबडा नव्हता. सर्पगंधेचे उदाहरण तेव्हा अगदी ताजे होते. मुळी भारतातली. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातून अजमलीनसारखी संयुगे काढली. त्याच वर्षी सेन आणि बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरवणाऱ्या गुणाबद्दल लिहिले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला. पण मुख्य औषधी रेणू, रेसर्पिन, १९५२ साली शुद्ध रूपात हाती आला तो स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत. शेवटचा टप्पा आपल्याकडे पुरा झाला नाही, ही खंत त्या पिढीला असणारच. कलकत्त्यात असीमा चटर्जी, दिल्लीत टी. आर. शेषाद्री, मद्रासमध्ये आणि नंतर गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी हे सगळे याच काळात वनस्पतींच्या रसायनशास्त्राला भिडलेले होते.

पुण्याच्या गटाची सर्वांत मोठी परीक्षा गुग्गुळाने घेतली. गुग्गुळ म्हणजे कच्छ, राजस्थानच्या कोरड्या भागात वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा राळयुक्त डिंक. सुश्रुतसंहितेत मेदाच्या विकारांवर त्याचा उपयोग सांगितला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी हे वर्णन गांभीर्याने घेतले, कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांना गुग्गुळ दिला आणि ते उतरते असे १९६६ च्या आपल्या प्रबंधात दाखवले. जुन्या ग्रंथातले वाक्य प्रयोगात उतरवण्याचे ते धाडस होते आणि पुढे जे घडले त्याची सुरुवात तिथेच आहे.

आता प्रश्न होता, डिंकातला नेमका कोणता घटक? पाटील, नायक आणि सुख देव यांनी आयुर्वेदीय द्रव्यांच्या रसायनशास्त्रावर जी लेखमाला लिहिली तिच्यात १९७२ साली उत्तर आले. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये उतरणाऱ्या भागात त्यांना स्टेरॉइड सापडले, एकाच रेणूची दोन रूपे: झेड-गुग्गुलस्टेरॉन आणि ई-गुग्गुलस्टेरॉन. दोघांत फरक फक्त एका दुहेरी बंधाभोवतीच्या बाजूचा. स्टेरॉइड म्हणजे प्राण्यांच्या संप्रेरकांची रचना, आणि ती एका रानटी झुडपाच्या डिंकात! त्याच डिंकातून कार्बनच्या १४ अणूंचे मोठे कडे असलेली टर्पिनेही निघाली. त्यातल्या एकाचे नाव मुकुलॉल.

१९७४ साली सुख देव एनसीएल सोडून बडोद्याजवळ नंदेसरीला माल्टी-केम संशोधन केंद्रात गेले. सरकारी प्रयोगशाळेतला नावाजलेला शास्त्रज्ञ उद्योगाच्या संशोधन केंद्रात जातो, हे तेव्हा फारसे घडत नसे. गुग्गुळाचे कामही पुढे सरकले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या साथीने गुग्गुलस्टेरॉनचे प्रमाण ठरवून दिलेला गुगुलिपिड हा अर्क विकसित झाला, रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस सिप्लाने तो कोलेस्टेरॉलवरचे औषध म्हणून बाजारात आणला. ग्रंथातले एक सूत्र, सशावरचा एक प्रयोग, शुद्ध रेणू, चाचणी आणि औषधाची गोळी, असा पूर्ण प्रवास देशातल्या देशात झाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

त्यापुढची कथाही लपवायचे कारण नाही. २००२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गुग्गुलस्टेरॉन पित्ताम्लांची जाणीव ठेवणाऱ्या एफएक्सआर या ग्राहक-प्रथिनाला अडवते, असे दाखवले, आणि गुग्गुळाच्या कार्याला रेणूच्या पातळीवरचे स्पष्टीकरण मिळाल्यासारखे वाटले. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीचा निकाल आला. १०३ जणांना आठ आठवडे गुगुलिपिड किंवा बिनऔषधी गोळी दिली होती. औषध घेणाऱ्यांचे घातक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडे वाढले, काहींच्या अंगावर पुरळ उठले. भारतातल्या आधीच्या चाचण्यांशी हे जुळत नव्हते. आहार वेगळा, माणसे वेगळी, अशी कारणे दिली गेली. प्रश्न आजही पूर्ण मिटलेला नाही. माझ्या मते या निकालाने सुख देव यांचे काम उणे ठरत नाही. गोळीत काय आहे हे मिलिग्रॅममध्ये सांगता आले, म्हणून तर अशी चाचणी घेता आली.

मानसन्मान त्यांना मिळाले. १९६४ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९८० चा अमेरिकन केमिकल सोसायटीचा अर्नेस्ट ग्वेंथर पुरस्कार, २००८ साली पद्मभूषण. नंदेसरीनंतर ते दिल्लीत राहून काम करत राहिले आणि २००६ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, आयुर्वेदातल्या निवडक वनस्पती-औषधांवरचा त्यांचा ग्रंथ आला. एकेका वनस्पतीबद्दल जुने ग्रंथ काय म्हणतात आणि प्रयोगशाळेत काय आढळले, हे त्यात शेजारी शेजारी मांडले आहे.

गुग्गुळाचे झुडूप मात्र अडचणीत आहे. मागणी वाढली तसे डिंकासाठी खोडावर अधिकाधिक खोल घाव घातले जाऊ लागले, जखमेत रसायने भरली जाऊ लागली. असा डिंक भरपूर येतो, पण झाड वाळते. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते आता अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. गुग्गुलस्टेरॉन प्रयोगशाळेत इतर स्टेरॉइडपासून बनवता येते. अख्ख्या गुग्गुळाला तसा पर्याय नाही. वैद्याच्या औषधासाठी आणि घरातल्या धुपासाठी डिंक आजही त्याच झुडपाच्या खोडातून काढावा लागतो.