वाकवलेलं नाणं: नवसाचं की प्रेमाचं?

इंग्लंडच्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या हौशी मंडळींना मुद्दाम वाकवलेली चांदीची नाणी वरचेवर सापडतात. अशा नाण्याला ‘प्रेमाची खूण’ म्हणून टाकण्याचा मोह फार. पण त्यातली जुनी नाणी बहुधा नवसाची असतात.

मध्ययुगात घरात कुणी आजारी पडलं की त्याच्या अंगावर एक पेनी धरून संताच्या नावाने वाकवत, आणि बरं वाटलं की ती संताच्या समाधीला नेऊन वाहीन असं बोलत. कँटरबरीचा टॉमस बेकेट, हेरफर्डचा टॉमस कँटिलूप, विंडसरला पुरलेला राजा सहावा हेन्री यांच्या चमत्कारांच्या नोंदींत ही चाल दिसते. त्यात व्यवहारही होता. पेनी जेमतेम दीड ग्रॅमची, बोटांनी दुमडायची. एकदा दुमडली की थैलीतल्या इतर पैशांत मिसळायची भीती नाही; अडीनडीला सहज हात जायचा नाही. आठव्या हेन्रीच्या काळात समाध्या मोडल्या गेल्या, बेकेटची १५३८ मध्ये, आणि नवस फेडायला जागाच उरली नाही.

प्रेमाचं नाणं जोरात दिसतं ते सतराव्या शतकाच्या अखेरीस. ते सहसा सिक्सपेन्स असतं, म्हणजे सहा पेनींचं, आणि बऱ्याचदा तिसऱ्या विल्यमचं. १६९६ पासून जुनी, कडा कातरलेली चांदी परत घेऊन त्याची नाणी भरमसाट पाडली होती. नवसाची पेनी एकदाच दुमडलेली. हे दोनदा, उलटसुलट वाकवलेलं. कडेने पाहिलं तर इंग्रजी एस. चेहराही पुष्कळदा घासून गुळगुळीत झालेला. मजुराच्या पोराला सहा पेनी म्हणजे निदान अर्ध्या दिवसाची कमाई, त्यामुळे ते वाकवून देणं थट्टेवारी नव्हती. मुलीने ठेवलं तर होकार, फेकलं तर नकार, अशी समजूत. म्हणून शेतात मिळतात ती सगळी नाकारलेली, असंही सांगतात. मला ते पटत नाही. खिशाची शिवण उसवूनही नाणी पडतातच की!

तेव्हा आधी राजा कोण ते पाहावं, मग घड्या मोजाव्यात. पातळ नाणं नांगराच्या फाळानेही वाकतं, पण तिथे बहुधा ओरखडा असतो. पहिल्या एलिझाबेथचं वाकडं सिक्सपेन्स हाती आलं तर मात्र पंचाईत: नवसाला उशीर, प्रेमाला जरा लवकर, शिवाय वाकडं नाणं शुभ मानून जवळ बाळगणारेही होते. त्याच्या चिठ्ठीवर मी ‘वाकवलेलं’ एवढंच लिहीन.