डोळ्याचा पडदा : उपचार सुरू करण्याआधी वाचा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि माणसाला लख्ख दिसू लागतं, हे बहुतेकांनी घरात नाहीतर नात्यात पाहिलेलं असतं. पडद्याचा आजार घेऊन आमच्याकडे येणारेही मनात तेच धरून येतात. मग पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्याभरात 'डॉक्टर, फरक काही वाटत नाही' अशी तक्रार होते. दोष त्यांचा नाही. आधी कोणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे पत्रक.

मोतीबिंदूत गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवता येतं. पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तसा बदलता येत नाही. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला लागून असलेला हा थर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यामुळे आमचा पहिला प्रयत्न असतो तो आहे ती नजर टिकवण्याचा. वेळेत आलेल्यांची नजर बऱ्याचदा सुधारतेही, पण तो वरचा लाभ समजा.

पडद्याला दुखणं कळत नाही, ही दुसरी अडचण. मधुमेहात पडद्यावर रक्ताचे ठिपके पडलेले असतात आणि तक्त्यावरची शेवटची ओळ मात्र माणूस घडाघडा वाचतो. म्हणून टाइप २ मधुमेह कळला त्याच वर्षी पडदा तपासून घ्यायचा, टाइप १ असेल तर ५ वर्षांच्या आत, आणि पुढे साधारण दर वर्षी. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच यावं; गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो.

तपासणीसाठी थेंब घालून बाहुली मोठी करतो. त्याला अर्धा तास जातो आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. स्वतः गाडी चालवत येऊ नका. ओसीटी नावाच्या तपासणीत डोळ्याला काही लागत नाही. हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडे पाहायचं. पडद्याचा उभा छेद पडद्यावर, म्हणजे आमच्या संगणकाच्या पडद्यावर, दिसतो. सूज असेल तिथे काळे पोकळ कप्पे दिसतात. ते चित्र तुम्हालाही दाखवायला सांगा. पुढच्या वेळी कप्पे लहान झालेत की नाहीत, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आता इंजेक्शन. डोळ्यात सुई म्हटलं की भले भले खुर्चीतून उठतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पडद्याला प्राणवायू कमी पडला की तिथे एक प्रथिन तयार होतं. त्याच्यामुळे रक्तवाहिन्या झिरपू लागतात, नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात. इंजेक्शनमधलं औषध त्या प्रथिनाला अडवतं. आधी बधिर करणारे थेंब, मग जंतू मारणारं पोव्हिडोन आयोडीन. चुरचुरतं ते या आयोडीनने. संध्याकाळपर्यंत डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं तेही त्यानेच. पापण्या मिटू नयेत म्हणून एक छोटी क्लिप लावतो. तुम्ही आम्ही सांगू तिकडे पाहायचं. काळ्या बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारखी बारीक सुई आत जाते. औषध ०.०५ मिलि, म्हणजे एका थेंबाएवढं. दाब जाणवतो, आणि मोजून काही सेकंदांत सगळं आटोपतं. नंतर एखाददुसरा दिवस गोल काळे बुडबुडे तरंगताना दिसतील, पांढऱ्या भागावर लाल डाग पडेल. दोन्ही आपोआप जातात. पण दुसऱ्या दिवसापासून पुढे दुखणं, लाली वाढत गेली आणि नजर उतरत गेली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. हजारात एखाद्यालाही क्वचितच होतो, पण झाला तर सकाळची वाट पाहायची नाही.

औषध कोणतं, हा प्रश्न हक्काने विचारा. बेव्हासिझुमॅब मुळात कर्करोगाचं औषध, त्यामुळे वेष्टनावर डोळ्याचा उल्लेख सापडला नाही तर घाबरू नका. डोळ्यासाठी ते जगभर वापरलं जातं. मात्र मोठ्या कुपीतून छोट्या सिरिंजमध्ये ते निर्जंतुक पद्धतीने भरलेलं असायला हवं. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग; वयोमानाने होणाऱ्या त्याच्या ओल्या, म्हणजे वाहिन्या झिरपणाऱ्या, विकारात ते आणि महागडं रॅनिबिझुमॅब वर्षभराच्या तुलनेत सारखंच ठरलं होतं. मधुमेहाच्या सुजेत नजर आधीच बरीच कमी असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरतं. नजर फारशी गेली नसेल तर तिघांत विशेष फरक नाही. स्टेरॉइडचा पर्याय आहे, पण त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो.

सुरुवातीला दर महिन्याला एक, मग सूज पाहून अंतर वाढवत न्यायचं, असा क्रम असतो. आमचा अनुभव असा की तिसऱ्या इंजेक्शननंतर बरं वाटू लागतं आणि नेमकी तेव्हाच माणसं यायची थांबतात. पाच-सहा महिन्यांनी येतात तेव्हा कप्पे पुन्हा भरलेले असतात आणि गेलेली सगळी नजर परत मिळत नाही.

लेझर अजूनही उपयोगाचा आहे, विशेषतः मधुमेहात नव्या वाहिन्या फुटल्या असतील तेव्हा. त्याने कडेची आणि अंधारातली नजर थोडी कमी होते, हे आधीच माहीत असू द्या.

पडदा सरकणं ही मात्र घाईची गोष्ट. अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या माश्यांचा थवाच्या थवा दिसणं, एका बाजूने सावली पुढे सरकणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी या. मधला भाग सुटण्याआधी ऑपरेशन झालं तर निकाल फार वेगळा असतो. ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर सांगू तशी मान ठेवायची, भले कंटाळा येवो. गॅसचा बुडबुडा विरत जातो तशी पाण्याची आडवी, हलणारी रेघ दिसते आणि ती रोज खाली खाली सरकते. बुडबुडा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे काही गॅसच्या बाबतीत दोन महिन्यांपर्यंत, विमानप्रवास आणि उंच घाट बंद. हवेचा दाब कमी झाला की गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. त्या काळात दुसऱ्या कोणत्या कारणाने भूल घ्यावी लागली तर भूलतज्ज्ञांना डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा.

घरी रोज एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहा, मग दुसरा. गज वाकडे दिसले तर फोन करा. येताना सगळ्या गोळ्यांची यादी आणा. रक्त पातळ करणारी गोळी इंजेक्शनसाठी स्वतःहून बंद करू नका. अलीकडे हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल तर ते खुर्चीत बसायच्या आधी आम्हाला सांगा.